'पिपांत मेले'ला मुक्तछंद म्हणू नका

स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला नवकवितेवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिलाय, पण मर्ढेकरांच्या 'पिपांत मेले' या कवितेला त्यात मुक्तछंद, म्हणजे मात्रांचं बंधन नसलेली रचना, म्हटलंय आणि वर कविता छापताना 'उंदिर'चा 'उंदीर' आणि 'गरिब'चा 'गरीब' करून टाकलाय, ते बघून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

'काही कविता' (१९४७) मधली ही कविता मुक्तछंद नाहीच, चांगलं ठोक पादाकुलक आहे, ओळीला १६ मात्रा (ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाच्या दोन) आणि मधे ८ वर थांबा. मोठ्याने म्हणून बघा. 'पिपांत मेले' ८, 'ओल्या उंदिर' ८. दि दीर्घ केलात की ९ होतात आणि जीभ अडखळते. शुद्धलेखनाचे नियम मलाही माहितीयत, पण त्याच कवितेत 'धुऊन घेउन' आहे ना, शेजारी शेजारी एक ऊ दीर्घ आणि एक उ ऱ्हस्व, कारण तसंच लिहिलं तर ८ भरतात. हे कवीने मोजून केलंय, प्रूफ तपासताना ते सरळ करायचं नसतं.

आणि छंद कळला नाही तर कवितेतलं मुख्य हातातून निसटतं असं माझं स्पष्ट मत आहे. बालकवींची 'फुलराणी' पण पादाकुलकच. 'हिरवे हिरवे गार गालिचे' आपण शाळेत ज्या ठेक्यात घोकलं अगदी त्याच ठेक्यात इथे पिपातले मेलेले उंदीर येतात, कान खूश होतो आणि पोटात ढवळतं. मुक्तछंदात हे झालंच नसतं.

यमकं पण बघण्यासारखी आहेत. सुरुवातीला 'मुरगळल्याविण-आसक्तीविण', 'देउन-घेउन' अशी नीट जुळतात, मग 'जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे' इथे यमक शोधायचं सोडून अख्खी ओळच परत येते. बदलतो फक्त पहिला शब्द, तोही तितक्याच मात्रांचा, म्हणजे जगणं काय न मरणं काय, कानाला फरकच लागत नाही! पुढे 'बेकलायटी, बेकलायटी!' हा रेडिओ-टेलिफोनच्या प्लास्टिकचा शब्द, बरोब्बर ८ मात्रांचा, दोनदा म्हटला की ओळ भरली, दुसरं काही मावतच नाही. आधी 'ओठ मिळाले' होतं ते शेवटी 'ओठ लागले' होतं, आणि पहिल्या ओळीतल्या 'मेले'च्या जागी 'न्हाले! न्हाले!'. लेखात केलंय तसं नुसती पुनरावृत्ती म्हणून हे एका वाक्यात उडवण्यासारखं नाहीये.

बरीच मुलं परीक्षेसाठी तुमच्या पुरवणीची कात्रणं ठेवतात. तेव्हा पुढच्या रविवारी कविता मूळ ऱ्हस्व-दीर्घासकट परत छापावी आणि खाली छंदाचं नाव द्यावं, एवढी विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा