फ्लॅशचा कालावधी घरीच मोजावा

संपादक महोदय,

पाण्याचा थेंब किंवा फुटता फुगा टिपणाऱ्यांना ‘फ्लॅशची ताकद उतरवा, झोत टिकण्याचा कालावधी आपोआप घटतो’ असा सल्ला सर्रास मिळतो. कॅमेऱ्यावर बसणाऱ्या फ्लॅशना तो लागू पडतो, कारण त्यांत झोत मध्येच तोडला जातो. स्टुडिओतल्या पुष्कळ दिव्यांत मात्र वीज साठवणाऱ्या कॅपॅसिटरचे व्होल्टेज उतरवतात. तिथे कालावधी उलट वाढतो. शिवाय माहितीपत्रकातला आकडा बहुधा टी ०.५ चा, म्हणजे प्रकाश शिखराच्या निम्म्यावर येईपर्यंतचा. चित्र पुसट करते ती त्यानंतरची शेपटी, तेव्हा बघायचा तो टी ०.१, म्हणजे प्रकाश शिखराच्या एक दशांशावर येईपर्यंतचा. पूर्ण ताकदीवर तो साधारण तिप्पट भरतो. छापील १/१००० म्हणजे खरा १/३०० च्या आसपास.

मोजायला बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड (प्रकाशाप्रमाणे वीज वाहू देणारा छोटा भाग), ९ व्होल्टची बॅटरी आणि १ किलोओहमचा रेझिस्टर पुरे. डायोड उलट्या दिशेने बॅटरीला जोडावा, रेझिस्टर त्याच्याशी एकसरीत (एकामागोमाग एक); रेझिस्टरच्या दोन टोकांवरून तार संगणकाच्या लाइन-इनला, म्हणजे बाहेरचा आवाज आत घेणाऱ्या भोकाला. माइकचे भोक नको, त्यात स्वतःचे व्होल्टेज असते आणि शेपटीही तुटते. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या संगणक-प्रणालीत ९६ किलोहर्ट्झवर (सेकंदाला ९६,००० ठिपके) ध्वनिमुद्रण करून फ्लॅश उडवावा. शिखराच्या एक दशांशावर रेघ मारून तिच्या वरचे ठिपके मोजायचे: २८८ ठिपके म्हणजे ३ मिलिसेकंद.

बहुतेकांचे चुकते ते अंतर. फ्लॅश जवळ धरला की शिखर सपाट कापले जाते आणि कालावधी आहे त्याहून लांब दिसतो. टोक अणकुचीदार होईपर्यंत मागे सरकावे. संकेत वाढवायला १०० किलोओहमचा रेझिस्टर लावण्याचा मोह टाळावा. डायोडची आणि तारेची धारिता (त्यांत साठणारा विद्युतभार) त्यातून सावकाश रिकामी होते, शेपटी खोटी लांबते. बीपीडब्ल्यू ३४ ला अवरक्त किरणही दिसतात आणि फ्लॅशच्या नळीतल्या झेनॉन वायूच्या प्रकाशाची शेपटी त्याच बाजूला झुकलेली असते. बिघडलेल्या वेबकॅमची अवरक्त गाळणारी काच डायोडवर चिकटवली की भागते.

दहापेक्षा कमी ठिपके आले तर संगणकाच्या साउंडकार्डावर (आवाज नोंदवणाऱ्या भागावर) विसंबू नये. तिथे ड्रिल मशीन कामाला येते. काळ्या पुठ्ठ्याची १२ सेंटिमीटर व्यासाची चकती, कडेला बारीक पांढरी रेघ, मिनिटाला २८०० फेरे. कडेचा वेग सेकंदाला सुमारे १७.६ मीटर होतो. १/२०००० सेकंदात रेघ जेमतेम ०.९ मिलिमीटर फरफटते. अंधारात शटर उघडे ठेवून एकच झोत द्यावा आणि फरफटीतून रेघेची मूळ जाडी वजा करून उरलेल्या लांबीला कडेच्या वेगाने भागावे; तोच कालावधी. चकती घट्ट आवळावी, तिच्या रेषेत कुणी उभे राहू नये. स्वयंपाकघरातल्या मिक्सरचा वेग जास्त असतो, पण त्यावर चकती बसवण्याच्या फंदात पडू नये.

हे सारे अंधाऱ्या खोलीपुरते. इंदूरच्या राजवाड्यापाशी रंगपंचमीच्या गेरेत (रंगांच्या मिरवणुकीत) उडणारा गुलाल भर उन्हात टिपायचा तर चित्र ऊनच घडवते. तिथे शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवावे, फ्लॅश पिशवीतच बरा.

– एक वाचक, रामबाग, इंदूर