बाबा, ‘आम्हाला जमत नाही’ म्हणू नका

पुणे,
ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, फोनवर काही अडलं की तुम्ही आधी माफी मागता आणि मग प्रश्न विचारता. “तुझ्या कामात उगाच व्यत्यय, पण आम्हा म्हाताऱ्यांना हे जमत नाही बघ.” हे वाक्य मला फार लागतं. ज्या माणसानं मिरजेच्या रेल्वे सिग्नल केबिनमध्ये रात्रपाळ्या काढल्या, त्याला एक ॲप वापरता येत नसेल तर दोष त्या ॲपचा आहे. तुमची समजूत काढायला हे लिहीत नाही. ॲप तपासणं हेच माझं काम, ती कशी बनतात ते मी रोज बघते.

तुमच्या बोटांचंच घ्या. एकदा दाबून काही होत नाही, मग तुम्ही जोर लावता. पण फोनच्या काचेला जोर कळत नाही. बोट टेकल्यावर विजेत जो बारीकसा बदल होतो तो तिला कळतो, आणि त्यासाठी कातडीत थोडा ओलावा लागतो. वयानं कातडी कोरडी होते, त्यात दुकानदारानं वर जाड काच बसवून दिलेली. मग तुम्ही बोट तसंच धरून ठेवता, आणि अर्ध्या सेकंदाच्या आसपास बोट टेकून राहिलं की फोन समजतो, यांना दुसरंच काही हवंय. चिन्हं सरकतात, कधी पुसायचीही तयारी होते. ही अर्ध्या सेकंदाची मर्यादा कुणीतरी ठरवलेली आहे, आणि ती वाढवता येते. सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ नावाचा भाग असतो, तिथे आहे ती सोय. दिवाळीत आले की पहिलं काम तेच करीन. नवा महागडा फोन घ्यायचा विचार तूर्त सोडा, त्याचीही काच अशीच असणार.

आणि आई, तुझे कान ‘गेलेले’ नाहीत. वय झालं की उंच पट्टीचे आवाज आधी कमी ऐकू येतात. स, श यांसारखी अक्षरं त्याच पट्टीतली. त्यात हल्लीचे टीव्ही इतके पातळ, की स्पीकर खाली नाहीतर मागच्या भिंतीकडे तोंड करून बसवलेले. म्हणून आवाज मोठा केला तरी शब्द कळत नाहीत, नुसता गलका वाढतो, आणि बाबा आत येऊन ओरडतात. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये बोलणं स्पष्ट करणारा पर्याय आहे का बघू. नाहीतर समोर तोंड असलेला एक साधा स्पीकर लावू. कानांची तपासणी मात्र एकदा करून घेच, ती टाळू नकोस.

आता आमच्या ऑफिसचं सांगते. एका बँकेच्या ॲपचं टेस्टिंग माझ्याकडे आहे. आमच्या मजल्यावर चाळिशी ओलांडलेले फार थोडे. डिझाइन मोठ्या मॉनिटरवर बघतात, पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरं, आणि सगळ्यांना ती सुंदर दिसतात. खरं तर अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात निदान साडेचारास एक इतका फरक असावा, बोट टेकवायची जागा साधारण नऊ मिलिमीटर असावी, हे नियम जगभर छापलेले आहेत. ते कुणाला माहीत नाहीत असं नाही, पण रिलीजची, म्हणजे ॲप बाहेर काढायची, तारीख जवळ आली की आधी तेच गळतात.

तुमच्या फोनवर असतं तसं मी अक्षर सगळ्यात मोठं करून ते ॲप चालवलं. ‘पुढे’ हे बटण स्क्रीनच्या खाली गेलं आणि वर सरकवताही येईना. म्हणजे तुमच्यासारख्या माणसाचा रस्ता तिथेच बंद. मी बग, म्हणजे ॲपमधली चूक, लिहून दिला. मीटिंगमध्ये उत्तर आलं, “इतकं मोठं अक्षर ठेवतं कोण? पुढच्या रिलीजला बघू.” माझे बाबा ठेवतात, असं मी म्हणाले. त्यावर कुणी काही बोललं नाही, बगही तसाच पडून राहिला.

तो हलला सर्वोच्च न्यायालयामुळे. ३० एप्रिल २०२५ ला निकाल आला. ॲसिड हल्ल्यात होरपळलेल्या लोकांना बँकेच्या केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, डोळ्यांची उघडझाप करता येत नव्हती, अंध माणसाला सेल्फी चौकटीत बसवता येत नव्हता, म्हणून ते कोर्टात गेले होते. न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि सरकारला व रिझर्व्ह बँकेसारख्या संस्थांना २० निर्देश दिले. त्यानंतर आमच्या क्लायंटनं अहवाल मागितला. माझा तो बग शोधून काढला गेला आणि दुरुस्त झाला. मला फार बरं वाटलं. पण कोर्टाची वाट का बघावी लागली, हा राग अजून आहेच.

बाबा, तुम्ही मला केबिन दाखवायला नेलं होतं. रुळांचा सांधा नीट बसून लॉक झाल्याशिवाय सिग्नलचा लिव्हर हलायचाच नाही. तुम्ही सांगितलं होतं, रात्री दोनला डुलकी लागलेला माणूस चुकणार हे धरूनच ते यंत्र बनवलंय. आमच्या धंद्यात याच्या उलट चालतं. ‘हो’ मोठं आणि रंगीत, ‘नको’ कोपऱ्यात बारीक. आईच्या ऑनलाइन ऑर्डरमध्ये न मागितलेली देणगी आधीच टिक होऊन आली होती, ती याच जातीची. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ फसव्या युक्त्यांवर बंदी घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि न विचारता पिशवीत काहीतरी सरकवणं त्यात आहे. पुन्हा झालं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करायची. रक्कम किती लहान आहे ते बघायचं नाही.

आता नोव्हेंबर जवळ आला, हयातीच्या दाखल्याचं बघायला हवं. गेल्या वर्षी तुमचा अंगठा उमटेना म्हणून तुम्हाला ताटकळत बसावं लागलं. आयुष्यभर हातानं काम केलेल्या आणि वय झालेल्या माणसाच्या बोटांवरच्या रेषा झिजतात, त्यात शरम वाटण्यासारखं काही नाही. केंद्राच्या पेन्शनरांना नोव्हेंबर २०२१ पासून चेहरा दाखवूनही दाखला देता येतो. ‘आधार फेस आरडी’ आणि ‘जीवन प्रमाण’ ही दोन ॲप लागतात. मी आले की घरीच, सकाळच्या उजेडात करू. पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा) आणि पासबुक काढून ठेवा. तोवर “दाखला अपडेट करतो, ओटीपी सांगा” असा फोन कुणाचाही आला तरी ठेवून द्या. पेन्शन ऑफिस फोनवर ओटीपी मागत नाही.

माझं एक काम करा. फोन, टीव्ही, बँकेचं मशीन, जिथे जिथे अडाल तिथे वहीत एक ओळ लिहा. काय दाबलं, काय झालं, एवढंच. आई, तुझी यादी वेगळी हवी, बाबांच्या यादीत घुसडू नकोस. मी ती ऑफिसात नेणार आहे. आमच्या टेस्टिंगच्या यादीत सत्तरीतल्या माणसाचा एकही प्रसंग नाही, आणि या वेळी मी तो घालून घेणार आहे.

तुमची,
मनू