अपडेट कुठवर मिळणार, तेही छापा की

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात नव्या टॅबलेटबद्दल काही आलं की मी ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचते आणि दर वेळी तीच चुटपुट लागून राहते. स्क्रीन किती इंची, कॅमेरा किती मेगापिक्सेल, बॅटरी किती एमएएच, स्पीकर दोन का चार, सगळं असतं, फक्त एक सोडून. हा टॅब टिकणार किती? पडला तर फुटेल का ते नाही हो विचारत मी, कंपनी त्याला सिक्युरिटी अपडेट, म्हणजे हॅकरना आत शिरू न देणाऱ्या दुरुस्त्या, कुठल्या सालापर्यंत देणारे ते. गोळीच्या पाकिटावर एक्स्पायरी छापलेली असते, या टॅबलेटच्या खोक्यावर नसते, मग निदान पेपराने तरी सांगावी की नाही?

एवढं तावातावाने लिहितेय कारण स्वतः पोळलेय. बाबांचं वाचन दांडगं, पण छापील पेपरचा टाइप आता त्यांना बारीक पडतो, म्हणून ई-पेपर मोठा करून वाचता यावा एवढ्यासाठी मी त्यांना नवाकोरा टॅब घेतला. स्वस्तातला, ३ जीबी रॅम, ३२ जीबी स्टोरेज. नवा आहे, वॉरंटी आहे, बाबांना असं लागतं तरी काय, हा माझा हिशोब. सुरुवातीला बरं चाललं. मग एकेक ॲप अपडेट होऊन जाड होत गेलं आणि टॅब होता तिथेच राहिला, त्यात ३२ मधली बरीचशी जागा सिस्टीमनेच खाल्लेली. बाबा पान उलटायला बोट लावायचे, काहीच व्हायचं नाही, "अगं हा झोपला का गं?" म्हणून परत लावायचे, मग अजून एकदा, आणि मग तिन्ही टच एकदम पोचून संपादकीयावरून थेट खेळाच्या पानावर! रोज सकाळी हेच. शेवटी त्यांनी कंटाळून भिंग काढलं आणि छापील पेपर पुन्हा हातात घेतला, टॅब चार्जरसकट कपाटात.

दोष द्यायचा तर मलाच, मी 'नवा' या शब्दाला भुलले. नंतर खणून काढलं तेव्हा कळलं की ते मॉडेल बाजारात येऊनच दोनेक वर्षं झालेली आणि त्यातलं अँड्रॉइड त्याहून जुनं. अपडेटचं घड्याळ आपण खोकं उघडतो त्या दिवसापासून चालू होत नसतं हो, बहुतेक कंपन्या ते मॉडेल लाँच झालं तेव्हापासून मोजतात. म्हणजे मी सील फोडलं तेव्हाच तो टॅब निम्मा म्हातारा झाला होता.

आता याच्या शेजारी हे ठेवून बघा. ॲपलच्या २०१४ च्या आयपॅड एअर २ ला २०२१ चं आयपॅडओएस १५ (आयपॅड ज्यावर चालतो ती सिस्टीम) मिळालं होतं. २०१९ चा सातव्या पिढीचा आयपॅड २०२५ च्या आयपॅडओएस २६ मधून वगळला, पण तोवर दर वर्षी त्याला नवं व्हर्जन मिळत होतं. सॅमसंगने २०२३ च्या गॅलेक्सी टॅब एस९ ला अँड्रॉइडची चार नवी व्हर्जन आणि पाच वर्षं सिक्युरिटी अपडेट कबूल केलेत, २०२४ च्या टॅब एस१० ला तर सात वर्षं. मग मला सांगा, दुसऱ्या कुणी वर्ष-दोन वर्षं वापरलेला एस९ आणि आजच सील फोडलेला पण ज्याच्या अपडेटचा काही ठावठिकाणाच नाही असा टॅब, या दोघांत जुना कुठला?

बरं, रिफर्बिश्ड, म्हणजे परत आलेला टॅब तपासून-दुरुस्त करून पुन्हा विकायला ठेवलेला, तो घ्या म्हणून सांगण्याआधी टॅब निवडायचा कसा तेही बोललं पाहिजे, कारण चुकीचा टॅब रिफर्बिश्ड घेतला तरी चुकीचाच. इंचाचंच घ्या. ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात, त्यामुळे दोन टॅब सारख्याच इंचाचे असले तरी एक लांबट आणि एक चौकोनी असू शकतो. लांबी-रुंदीचं प्रमाण १६:१० असलेला लांबट टॅब सिनेमाला झकास, पण उभा धरून पीडीएफ उघडली की पान बारीक होतं आणि वरखाली काळ्या पट्ट्या उरतात. ४:३ चा टॅब कागदाच्या आकाराच्या जवळ जातो, वाचणाऱ्याने तोच घ्यावा असं माझं मत. आणि १० इंची टॅब म्हणजे जेमतेम ए५ कागदाएवढा, ए४ पान खऱ्या आकारात दिसायला १४ इंचांच्या वर स्क्रीन लागेल. त्यामुळे पेपरचं अख्खं पान एका नजरेत वाचता येईल ही आशा कुठल्याच टॅबकडून ठेवू नका, झूम करावंच लागतं, म्हणून तर झूम करताना न अडखळणारा प्रोसेसर आणि रॅम लागते.

रॅमचीही एक गंमत आहे. जाहिरातीत '८+८ जीबी' लिहितात त्यातले दुसरे ८ हे स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात, खऱ्या रॅमचं काम त्यांच्याने होत नाही. स्वस्त टॅबात स्टोरेजच मुळात ईएमएमसी जातीचं, हळू, मग उसनवारी काय कामाची. तसंच सिनेमे बघणाऱ्यांनी वाइडवाइन एल१ (सिनेमाची चोरून कॉपी होऊ नये म्हणून असलेल्या संरक्षणाची वरची पातळी) आहे का ते विचारावं, नुसतं एल३ असेल तर नेटफ्लिक्ससारखी ॲप ४८०पी च्या, म्हणजे फुल एचडीहून बऱ्याच कमी स्पष्ट चित्राच्या, पुढे जात नाहीत, मग फुल एचडी स्क्रीन घेऊन काय ती ओवाळायचीय? चित्र काढणाऱ्यांनी आधी पेन बघावं आणि मग टॅब, कारण ॲपल पेन्सिलचेच चार प्रकार आहेत आणि प्रत्येक आयपॅडला प्रत्येक चालत नाही. कॅमेऱ्याचं मात्र फार मनावर घेऊ नका, टॅबने फोटो काढणारा माणूस मी लग्नात सोडून कुठे पाहिला नाही.

तर रिफर्बिश्ड. वापरलेला आणि रिफर्बिश्ड यात लोक गल्लत करतात. वापरलेला म्हणजे कुणाच्या तरी हातातून जसाच्या तसा आपल्या हातात. रिफर्बिश्ड म्हणजे परत आलेला टॅब कुणीतरी उघडून, तपासून, बिघडलेलं बदलून, आधीचा डेटा उडवून विकायला ठेवलाय, निदान तसं अपेक्षित आहे. हे 'कुणीतरी' कोण, सगळी मेख तिथे. ॲपल काही देशांत स्वतः रिफर्बिश्ड आयपॅड विकते तेव्हा त्यात बॅटरी नवी असते, बाहेरचं कव्हर नवं असतं आणि वर्षभराची वॉरंटी असते. बाकी विक्रेते 'ग्रेड ए', 'ग्रेड बी' लिहितात, पण या ग्रेडचं सगळ्यांना बांधलेलं असं एकच मोजमाप नाहीये, एकाचा ए तो दुसऱ्याचा बी. बरं ग्रेड बहुतेक वेळा फक्त दिसण्याची असते, ओरखडे किती ते सांगते, आत बॅटरी कशी आहे त्याचा तिच्याशी काही संबंध असेलच असं नाही.

माझा पहिला रिफर्बिश्ड टॅब परत गेला. दिसायला इतका छान की मीच खूश झाले, चालू केला, भाषा निवडली, वायफाय जोडलं, आणि समोर एक पाटी आली की हा आयपॅड अमुक संस्थेकडून मॅनेज केला जातो, त्यांचं लॉगिन टाका. आता मी कुठून आणू त्यांचं लॉगिन! रिसेट केला तरी पुन्हा तीच पाटी. होतं काय की कंपन्या आणि शाळा टॅब घाऊक घेतात, ते आपल्या ताब्यात राहावेत म्हणून सर्व्हरवर नोंदवून ठेवतात, आणि मोडीत काढताना ती नोंद काढायला विसरतात. त्याला एमडीएम लॉक म्हणतात आणि तो ज्याने लावला त्यानेच काढायचा असतो. असंच आधीच्या मालकाचं अकाउंट राहिलं तर आयपॅडवर ॲक्टिव्हेशन लॉक, जो २०१३ पासून आहे, आणि अँड्रॉइडवर २०१५ पासून फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन आडवं येतं. चोरांना अडवायला चांगलंच आहे ते, पण आपण चोर नसताना आपल्यालाही दारात उभं करतं. त्यामुळे टॅब हातात आला की आधी रिसेट करून पहिल्यापासून सेटअप करायचा, अगदी होम स्क्रीन दिसेपर्यंत, आणि हे परत करायची मुदत संपायच्या आत. विक्रेता म्हणाला "आम्ही सगळं सेट करूनच देतो" तर तिथेच कान टवकारा.

दुसरा टॅब मात्र बाबांकडे अजून आहे. त्याचीही मी आल्या आल्या पुरती परीक्षा घेतली. पूर्ण पांढरं चित्र स्क्रीनभर लावलं की एलसीडीवरचे डाग कळतात, उजव्या कोपऱ्यात एक फिकट ठिपका सापडलाच, बाबा त्याला चांदणी म्हणतात आणि आम्ही ती चालवून घेतली. मग एक आयकॉन बोटाने दाबून धरून कडेकडेने आणि मग आडवा-उभा सगळ्या स्क्रीनवर फिरवायचा, कुठे टच मेलेला असेल तर तिथे तो हातातून सुटतो. टॅब सपाट टेबलावर उताणा ठेवून कडेने बघायचं, काच कुठे उचललेली दिसली तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते आणि असा टॅब फुकट मिळाला तरी घेऊ नये, त्यात हयगय नको.

बॅटरीवरच सगळे घाबरतात आणि ते बरोबरच आहे. ॲपलच्या म्हणण्याप्रमाणे आयपॅडची बॅटरी १००० पूर्ण चार्ज सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के बॅटरी वापरून होणं) मूळ क्षमतेच्या ८० टक्के उरेल अशी बनवलेली असते. पण तुमच्या हातातल्या आयपॅडची किती उरली हे सेटिंगमध्ये दाखवायला त्यांनी २०२४ च्या मॉडेलपासून सुरुवात केली, म्हणजे रिफर्बिश्डमध्ये जे सगळ्यात जास्त मिळतात त्यांच्यात ते दिसतच नाही. मग घरगुती उपाय, १०० टक्के चार्ज करून मध्यम ब्राइटनेसवर तासभर व्हिडिओ लावायचा आणि किती उतरली ते बघायचं. आमची दहाच्या आसपास उतरली, चालतंय. तासाला पंचवीस-तीस उतरत असेल तर सरळ परत. विक्रेत्याला एक प्रश्न लेखी विचारून ठेवायचा, बॅटरी बदललीय का आणि वॉरंटीत बॅटरी येते का. तोंडी "हो हो" ला अर्थ नसतो. आणि हो, टॅब एस९ सारखा पाण्यापासून आयपी६८ संरक्षण असलेला टॅब असला तरी एकदा उघडून परत चिकटवल्यावर ते संरक्षण तसंच राहिलंय असं धरून चालू नका.

सगळ्यांनी रिफर्बिश्डच घ्यावं असं मी म्हणत नाहीये. नव्या-जुन्याच्या किमतीत फार फरक नसेल तर नवाच घ्या, डोक्याला ताप नको. आणि ज्याचे अपडेट वर्षभरात संपणारेत तो कितीही स्वस्त असला तरी नको, त्यावर बँकेचं ॲप तर मुळीच नको.

कपाटातल्या त्या पहिल्या टॅबचं काय करायचं हा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी काढलेल्या ई-कचऱ्याच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभरात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला रीतसर गोळा होऊन रिसायकल झाला तो फक्त २२.३ टक्के. माझा टॅब त्यातही धरलेला नसणार, तो अजून कपाटातच आहे.

युरोपियन युनियनने मात्र हे मनावर घेतलंय. तिथे २० जून २०२५ पासून नव्याने विकायला येणाऱ्या फोन-टॅबलेटना नियम लागू झालेत, विक्री थांबल्यानंतर निदान ५ वर्षं अपडेट, ७ वर्षं सुटे भाग, आणि बॅटरी ८०० सायकलनंतरही ८० टक्के राहिली पाहिजे. बघा, तिथे घड्याळ लाँचपासून मोजत नाहीत, विक्री थांबली तिथपासून मोजतात, माझं दुखणं नेमकं हेच होतं.

तर संपादक साहेब, मागणं एवढंच आहे. टॅबच्या प्रत्येक परीक्षणात ती जी चौकट असते ना, मेगापिक्सेलवाली, तिच्यात तीन ओळी वाढवा. मॉडेल कधी लाँच झालं, सिक्युरिटी अपडेट कुठल्या सालापर्यंत, आणि बॅटरी बदलून मिळते का. कंपनीने सांगितलं नसेल तर "कंपनीने सांगितलं नाही" असंच छापा, तेवढ्यानेही वाचकाला पुष्कळ कळतं. आणि कधीतरी एखादं परीक्षण दोन-तीन वर्षं वापरून झालेल्या टॅबचंही येऊ द्या. नव्या टॅबची पहिल्या आठवड्यात स्तुती करणं फार सोपं असतं हो, माझ्या बाबांनीही केली होती.

आपली,
एक जुनी वाचक

ता.क. : बाबा विचारतायत की तुमच्या ई-पेपरमधलं शब्दकोडं झूम केलं की धुरकट का दिसतं. दोन वेगवेगळ्या टॅबवर उघडून बघितलं, दोन्हीकडे तसंच आहे, तेव्हा ही चूक आमच्या चांदणीवाल्याची नाही.