पडलेला जोक बघायला जागतो मी

प्रिय पम्या,

परवा फोनवर तू विचारलंस की रात्री दीड-दीड वाजेपर्यंत त्या अमेरिकन टॉक शोमध्ये मी बघतो तरी काय, आणि वर म्हणालास की मी पाठवलेल्या एकाही क्लिपला तुला हसू आलं नाही. तेव्हा ब्रेक संपल्याचा भोंगा झाला म्हणून फोन ठेवला, पण ते डोक्यात राहिलं. आता लिहायला बसलोय, लांबणार आहे, चहा टाकून ये.

आधी तुला माहितीये माझं शेड्यूल. सेकंड शिफ्ट, अंबड एमआयडीसीवरून घरी पोचेपर्यंत बारा, आई आणि तुझी वहिनी झोपलेल्या, ओट्यावर झाकून ठेवलेलं ताट, आणि मी हेडफोन लावून मोबाईल तांब्याला टेकवून जेवतो. त्या वेळेला बातम्या बघवत नाहीत आणि सिरीयल लावायची म्हटलं तर सासू कोण आणि सून कोण इथपासून सुरुवात. गंमत अशी की न्यूयॉर्कला रात्री साडेअकराला जे लागतं तेव्हा आपल्याकडे सकाळचे नऊ वाजलेले असतात, थंडीत दहा, म्हणजे हिशोबाने तो पोह्यांबरोबर बघायचा कार्यक्रम आहे. पण नऊ वाजता ते बघून मजा येत नाही राव, करून बघितलंय.

आता मुद्दा. तू म्हणतोस जोकवर हसू येत नाही. अरे मलाही बऱ्याच वेळा जोकवर येत नाही! जोक पडतो आणि पडल्यावर तो माणूस काय करतो त्यावर येतं. जॉनी कार्सन म्हणून एक होता, १९६२ ते १९९२, तीस वर्षं टुनाइट शो नावाचा रात्रीचा टॉक शो चालवला त्याने, आणि त्याची खासियतच ही, मोनोलॉगमधला (सुरुवातीला एकट्याने उभं राहून बोलायचं ते) जोक आपटला की तोंड असं करायचा की जोकपेक्षा मोठा हशा, कधी बँडवाले एक जुनी चाल धरायचे आणि हा सुटाबुटात उभ्या उभ्या दोन स्टेप नाचायचा. फसलेला माल टाकून न देता तोच पुढे खपवायचा.

पण माझा खरा माणूस डेव्हिड लेटरमन, तोही असाच टॉक शोवाला. त्याची सुरुवातच बघ ना, १९८० मध्ये त्याला सकाळचा शो दिला, काही महिन्यांत बंद पडला. मग फेब्रुवारी १९८२ मध्ये कार्सनच्या शोनंतरची रात्री साडेबाराची वेळ दिली, आणि वर अटी घातल्या की जॉनीसारखं काही करायचं नाही, लांब मोनोलॉग नको, शेजारी बसणारा जोडीदार नको, तुताऱ्या-ट्रम्पेटवाला मोठा बँड नको. आता सगळं नेहमीचं काढून घेतल्यावर उरतं काय? उरला वेडेपणा. वेल्क्रोचा सूट घालून ट्रॅम्पोलिनवरून उडी मारली आणि भिंतीला चिकटून बसला. पाच मजली टॉवरवरून कलिंगडं खाली टाकली. हायड्रॉलिक प्रेसखाली वस्तू ठेवून चिरडल्या, आणि पम्या हे बघताना मी जेवता जेवता ठसका लागेपर्यंत हसलो, कारण दिवसभर प्रेसवर उभा राहणारा माणूस मी, आमच्या सेफ्टीवाल्याने हे बघितलं असतं तर त्याला तिथेच चक्कर आली असती.

आणि एक एपिसोड तर मी तुला बघायलाच लावणारे. १९८६ चा आहे. शो नेहमीसारखा सुरू होतो, पण टीव्हीवरचं चित्र हळूहळू फिरायला लागतं, घड्याळाच्या काट्यासारखं. एका तासात पूर्ण गोल. म्हणजे अर्ध्या तासाला लेटरमन, पाहुणे, टेबल, सगळे उलटे लटकलेले. आणि तो मात्र काही झालंच नाही अशा तोंडाने गप्पा मारतोय! कल्पना कर, त्या काळी लोक उठून टीव्हीला धपाटे घालत असतील. यात जोक कुठाय सांग. एकही नाही. पण मी मान वाकडी करून बघत बसलो आणि आई पाणी प्यायला उठली तिने विचारलं मान धरलीये का रे, बाम लावू का.

पुढे १९९३ ला तो सीबीएसवर गेला (नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर नाही रे बाबा, चॅनेल आहे) आणि त्याच्या जागी आला कोनन ओब्रायन. हा सिम्प्सन्स या कार्टून सिरीयलचा लेखक, कॅमेऱ्यासमोर कोणी ओळखत नाही, सहा फूट चार इंच आणि डोक्यावर लाल तुरा. पहिल्या वर्षात पेपरवाल्यांनी सोलून काढला त्याला, चॅनेलने तेरा-तेरा आठवड्यांची मुदतवाढ देत टांगून ठेवलं, आपल्याकडे कॉन्ट्रॅक्टवरच्या पोरांना ठेवतात तसं. आणि हा काय करायचा, तर जास्तच येड्यासारखं करायचा. २००४ मध्ये त्याचं चॅनेल एनबीसी आणि युनिव्हर्सल कंपनी एक झाल्यावर 'वॉकर, टेक्सास रेंजर' या मारधाडीच्या सिरीयलचे तुकडे फुकट वापरता यायला लागले. याने टेबलाशेजारी एक मोठा दांडा बसवला, दांडा ओढला की त्या सिरीयलचा कुठलाही सीन, मागचं पुढचं काही नाही. संपला आयटम! पाहुणा नको, लेखक नको. मी याला शुद्ध सोनं म्हणतो, तू काय म्हणशील ते म्हण.

नॉर्म मॅक्डोनाल्ड नावाच्या कॉमेडियनचा पतंगाचा (दिव्यावर झेपावणारा किडा, उडवायचा नव्हे) जोक पण मीच पाठवला होता तुला, कोननच्याच शोमधला, २००९ चा. पतंग पायाच्या डॉक्टरकडे जातो आणि आपली रडकथा सुरू करतो, नोकरीत राम नाही, बायको म्हातारी झाली, मुलगी थंडीत गेली, मुलावर प्रेमच उरलं नाही, संपतच नाही, आणि शेवटी डॉक्टर म्हणतो अरे मग मानसोपचारवाल्याकडे जा ना, इथे कशाला आलास, तर पतंग म्हणतो, लाइट चालू होता म्हणून. मी हा कंपनीच्या गेटसमोर टपरीवर सांगितला, अगदी नॉर्मसारखा लांबवून, कोणी हसलं नाही, फक्त एकाने विचारलं मुलगी कशाने गेली. मला ते इतकं आवडलं काय सांगू!

आता तू म्हणशील आपलं काय कमी आहे. काही कमी नाही. 'हवा येऊ द्या' आम्ही सगळे जेवताना बघायचो, 'हास्यजत्रा' आईला पाठ आहे. पण ते घरच्यांबरोबर बघायचं, त्यात बतावणीचा जोर आहे, पंच बसलाच पाहिजे, नाही बसला तर समोर सोफ्यावर बसलेले हसून बसवतात. तिकडची ही मंडळी पंच न बसण्यावरच दुकान चालवतात. त्यांच्या जवळचं आपल्याकडे मला फक्त एकच दिसतं, आपण पेठकडे बोहाडा बघायला गेलो होतो ना, रात्रभर संबळ वाजतोय, एकामागून एक सोंगं नाचत येतायत, आणि मुखवट्यामागून आपल्याच ओळखीच्या मास्तरांचे पाय दिसतायत. क्रेग फर्ग्युसन म्हणून अजून एक टॉक शोवाला, त्याचा शो मला तसाच वाटतो. दोन माणसं आत शिरलेला कापडी घोडा नाचत येतो आणि शेजारी जोडीदार म्हणून रोबोटचा सांगाडा बसलेला. तो सांगाडा २०१० मध्ये मिथबस्टर्स या विज्ञानाच्या कार्यक्रमातल्या ग्रँट इमाहाराने बनवून दिला. मुलाखतीआधी हा पठ्ठ्या प्रश्नांची कार्डं फाडून टाकायचा. आणि याच माणसाला दक्षिण आफ्रिकेच्या आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या मुलाखतीसाठी पीबडी हे टीव्ही-रेडिओचं मोठं अवॉर्ड आहे भो.

त्याचं एक तू एकटा असताना बघ. २००७, पॉप गायिका ब्रिटनी स्पिअर्सने डोकं भादरलं तेव्हा सगळे तिच्यावर जोक मारत होते, फुकटचा माल. हा कॅमेऱ्यासमोर आला आणि म्हणाला मी नाही मारणार. मग आपल्या दारूबद्दल बोलला, ती सोडून पंधरा वर्षं झाल्याचं सांगितलं, एका नाताळात जीव द्यायला निघालो होतो तेही. लोकांना वाटतंय आता जोक येईल म्हणून मधेमधे हसतायत, आणि तो सावकाश बोलत राहतो. मी तेव्हा ताट तसंच ठेवलं होतं.

बाकी या सगळ्याचे दिवस भरत आलेत असं दिसतंय. लेटरमनने सुरू केलेला लेट शो २०२६ च्या मेमध्ये बंद करणार हे सीबीएसने २०२५ च्या जुलैमध्येच जाहीर केलं, कारण पैशाचं सांगितलं, खरं कारण काय यावर तिकडे भरपूर वाजलं. मला वाईट वाटलं पण आश्चर्य नाही, मी तरी कुठे टीव्हीवर बघतो, मी पण तुकड्यातुकड्यानेच बघतो.

तर दिवाळीत येशील तेव्हा एक रात्र माझ्याकडे काढ. तुझ्या बायकोला, आमच्या वहिनींना, आधीच सांगून ठेव, रात्री येणार नाही म्हणून. फिरणारा एपिसोड टीव्हीवर लावू, आणि सकाळी मिसळ तू चारायची, गेल्या वेळचं बिल मी दिलंय. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
बाळ्या