अनवाणी पायासाठी प्रीसेट

पंचवटी, नाशिक

प्रिय मिलिंद,

तुझा निरोप मिळाला. फूट कंट्रोलर, म्हणजे गिटारचे आवाज पायाने बदलायचा बटणांचा बोर्ड, आला, अ‍ॅम्पला जोडला, पण बटण दाबल्यावर एक तर काहीच होत नाही, नाहीतर भलताच आवाज लागतो. गणपतीत तू धुळ्याहून इकडे गिटार वाजवायला येणार आहेस. म्हणजे बोर्ड नुसता चालू होऊन भागणार नाही, मंडपात लोकांसमोर, खाली न बघता तो चालला पाहिजे. म्हणून सविस्तर लिहितो.

आधी 'काहीच होत नाही' याचं बघू. मिडी म्हणजे वाद्ययंत्रांनी एकमेकांना निरोप पाठवायची पद्धत. केबल बोर्डाच्या मिडी आउटमधून अ‍ॅम्पच्या मिडी इनमध्येच जायला हवी. पाच पिनांपैकी ४ आणि ५ नंबरच्या पिना निरोप नेतात, २ नंबरची शील्डची. जुन्या टेप डेकची केबल हुबेहूब तशीच दिसते, खोचलीही जाते, पण आतली जोडणी ऑडिओसाठी केलेली असू शकते, तेव्हा ती वापरू नकोस. अ‍ॅम्पला ३.५ मिमीचं बारीक मिडी सॉकेट असेल तर अडॅप्टर टाइप ए आहे की टाइप बी ते बघ. दोन्हींत प्लगचं टोक (टिप) आणि मधलं कडं (रिंग) यांची जोडणी उलटसुलट असते. २०१८ मध्ये टाइप ए प्रमाण ठरलं, तरी दुसऱ्या प्रकारची यंत्रं अजून वापरात आहेत. केबल १५ मीटरच्या आत ठेव.

केबल ठीक असेल तर चॅनेल तपास. मिडीचे १६ चॅनेल. बोर्ड ज्या चॅनेलवर बोलतो त्याच चॅनेलवर अ‍ॅम्प ऐकायला बसलेला हवा. पहिल्या चाचणीला अ‍ॅम्प 'ओम्नी'वर ठेव, मग तो सगळे चॅनेल ऐकतो. चाललं की दोन्हीकडे एकच नंबर पक्का कर.

भलताच प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवलेला आवाज, लागण्याचं कारण बहुतेक वेळा मोजणीत असतं. मिडी ० पासून १२७ पर्यंत मोजते आणि बरीच यंत्रं पडद्यावर १ पासून १२८ दाखवतात. बोर्डावर ५ लिहिलंस आणि अ‍ॅम्पवर ६ लागला, तर बिघाड काही नाही, एकाचा फरक आहे. बोर्डात एक कमी लिही. १२८ च्या पुढचे प्रीसेट हवे असतील तर प्रोग्राम चेंजच्या (प्रीसेट बदलायच्या निरोपाच्या) आधी बँक सिलेक्ट, म्हणजे प्रीसेटचा गट निवडणारा निरोप, पाठवावा लागतो: सीसी (कंट्रोल चेंज) ० आणि सीसी ३२. तुला त्याची गरज पडू नये असं मला वाटतं. शंभर जागा रिकाम्या दिसल्या की भराव्याशा वाटतात, पण स्टेजवर पाच प्रीसेट पुरतात.

आता खरा मुद्दा. प्रोग्राम चेंज म्हणजे अख्खा अ‍ॅम्प बदलणं, आणि सीसी म्हणजे त्याच अ‍ॅम्पवरचा एखादा इफेक्ट चालू-बंद करणं. प्रोग्राम चेंजने पुष्कळ डिजिटल अ‍ॅम्पमध्ये क्षणभर आवाज तुटतो आणि आधीच्या डिलेची (प्रतिध्वनीची) शेपटी कापली जाते. दोष केबलच्या वेगाचा नाही. मिडी सेकंदाला ३१,२५० बिट नेते, प्रोग्राम चेंजचे दोन बाइट एका मिलिसेकंदाच्या आत पोचतात. वेळ जातो तो अ‍ॅम्पला नवा प्रीसेट भरून घ्यायला. म्हणून मुखड्यातून अंतऱ्यात जाताना प्रीसेट बदलू नकोस, सीसीने कोरस इफेक्ट लाव. अशा चालू-बंदसाठी साधारण ० ते ६३ म्हणजे बंद आणि ६४ ते १२७ म्हणजे चालू, तेव्हा सरळ ० आणि १२७ च भर. प्रोग्राम चेंज गाण्यांच्या मधे वापर, किंवा वाद्यांचा पीस सुरू व्हायच्या आधी एखादा ठोका मोकळा असेल तिथे.

बटणांची मांडणी सगळ्या बँकांमध्ये एकच ठेव. जवळच्या ओळीत डावीकडून क्लीन (स्वच्छ आवाज), क्लीनवर कोरस, क्रंच (थोडा फाटलेला), जाड ऱ्हिदम, लीड (सोलोचा). वरच्या ओळीत डिले, बूस्ट, ट्रेमोलो, टॅप टेम्पो (ठोक्यांवर दाबून लय देणारं बटण) आणि अगदी उजवीकडे ट्यूनर, जो आवाज बंदही करतो. जवळच्या ओळीला पाय सहज पोचतो, वरच्या ओळीसाठी तोल सावरावा लागतो, म्हणून घाईत लागणारं काहीही वर नको. डिलेचा वेळ आधीच हिशोबाने भरून ठेव: ६०,००० भागिले टेम्पो. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंद, डॉटेड एट्थ (पाऊण मात्रा) ३७५. ढोलकी किंवा पॅड वाजवणारा लय चढवणारच, तिथे टॅप कामाला येतो.

लेव्हल मात्र घरी हेडफोनवर लावू नकोस. हेडफोनवर लावलेला लीड मंडपात गायब होतो, कारण हळू आवाजात कानाला खर्ज आणि तार दोन्ही कमी वाटतात, मग आपण ते वाढवून ठेवतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हेच मोजून दाखवलं होतं. आवाज मोठा झाला की तोच खर्ज घुमतो आणि मधला पट्टा, जिथे गिटार ऐकू येते, दबून जातो. म्हणून असं कर. अ‍ॅम्प स्टेजच्या आवाजावर आण, दोन-तीन मीटर लांब उभा राहा. क्लीन हा मापाचा प्रीसेट धर. प्रत्येक प्रीसेटवर तोच कॉर्ड, तेवढ्याच जोराने आठ वेळा मार आणि प्रीसेट लेव्हल क्लीनशी जुळव, गेन (आवाज किती फाटतो ते ठरवणारी पातळी) हलवू नको. डिस्टॉर्शन मुळातच दाबलेलं असतं, त्यामुळे मीटरवर सारखं दिसलं तरी कानाला मोठं लागतं. शेवटचा निर्णय कानाचा. लीड ३ ते ४ डीबी (डेसिबल) वर ठेव, आणि तेही आधी ८०० हर्ट्झ ते १.२ किलोहर्ट्झचा पट्टा उचलून बघ. १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाक, ती जागा बेसची आणि ढोलाची आहे. गेन घरच्यापेक्षा कमी, रिव्हर्ब निम्मा. आणि प्रत्येक बदलानंतर सेव्ह कर. दुसरा प्रीसेट लावलास की न साठवलेलं सगळं गेलं.

एक्सप्रेशन पेडलला स्टिरिओ, म्हणजे टीआरएस केबल लागते. गिटारची साधी केबल लावली तर रिंग जमिनीला टेकते आणि पेडल अडकल्यासारखं वागतं. जोडल्यावर टाच आणि चवडा दोन्ही टोकांना दाबून कॅलिब्रेट कर. व्हॉल्यूम पेडल डिस्टॉर्शनच्या आधी असेल तर गेन कमी होतो, नंतर असेल तर फक्त आवाज. तुला नंतरच हवं.

भाड्याचा अ‍ॅम्प असेल तर त्याला मिडी नसण्याचीच शक्यता जास्त. एक साधा फूटस्विच जवळ असू दे, पण अ‍ॅम्प लॅचिंग (दाबलं की तसंच राहणारा) मागतो की मोमेंटरी (दाबलंय तोवरच चालणारा) ते विचारून. बॉसचा एफएस-५एल लॅचिंग आहे, एफएस-५यू मोमेंटरी. चुकीचा लावलास तर दोनदा दाबल्यावर एकदा चॅनेल बदलेल, किंवा पाय उचलला की परत जाईल.

आणखी एक गोष्ट, जी मी खास लिहितोय. मूर्तीसमोरच्या स्टेजवर आपण चपला काढून चढतो. बुटाने सराव केलेला पाय अनवाणी असला की वेगळाच वागतो: कडक स्प्रिंगचं बटण अर्धवट दाबलं जातं, पेडलवर चवडा घसरतो. म्हणून घरीही अनवाणीच सराव कर, आणि लीडच्या बटणावर खरखरीत टेपची पट्टी लाव, पायाला न बघता कळते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे अर्थिंग. भाद्रपदात प्लायवूड ओलं असतं, वीज जनरेटरची. चढायच्या आधी मल्टिमीटर एसीवर ठेवून एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं माइकच्या जाळीला लाव. काटा जवळजवळ शून्यावर हवा. व्होल्ट दिसले तर माइकजवळ ओठ नेऊ नकोस, साउंडवाल्याला अर्थ दुरुस्त करायला लाव. हम (घुमणारा आवाज) जाण्यासाठी प्लगची तिसरी पिन कधीही काढू नको. त्यासाठी डीआय बॉक्सचं (गिटार मिक्सरला जोडणाऱ्या डबीचं) ग्राउंड लिफ्ट आहे. विजेच्या अडॅप्टरवरही व्होल्ट, एसी की डीसी, आणि टोकाची पोलॅरिटी वाचूनच लाव.

लाइट जाऊन आली की अ‍ॅम्प नव्याने सुरू होतो. काही अ‍ॅम्प शेवटच्या प्रीसेटवर येतात, काही पहिल्यावर. पहिल्या जागी क्लीन असू दे. बोर्ड फक्त निरोप पाठवतो, उत्तर ऐकत नाही, त्यामुळे त्याचा दिवा काही दाखवो, लाइट आल्यावर हवं ते बटण एकदा पुन्हा दाब.

येताना मिडी केबल दोन आण, बोर्डाचा अडॅप्टर आण, आणि प्रीसेटचा बॅकअप यूएसबीने लॅपटॉपवर घेऊन ठेव. मल्टिमीटर माझ्याकडे आहे.

तुझा,
प्रशांत