बाबांची गाठ त्यांनाच बांधू दिलीत, काका

प्रिय काका,

तुम्हाला मराठी वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पत्र मराठीतच लिहितेय, कारण परत जाताना बाबांनी विमानतळावर बजावलं होतं, "आभार आपल्या भाषेत मान, मग त्यांना वाचून अर्थ सांग." रविवारी येऊन वाचून दाखवणारच आहे. पण त्याआधी इकडच्या-तिकडच्या मराठी माणसांनाही कळू दे, टेक्सासमध्ये लेक फोर्क नावाच्या तलावाच्या काठावर आम्हाला कोण भेटलं ते.

बाबा पेणजवळच्या खारेपाटातले. भरतीच्या पाण्यावर खाडीकाठी गळ टाकून बसण्यात त्यांचं निम्मं आयुष्य गेलं, आणि जिताडा हा मासा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तीन वर्षांपूर्वी पार्किन्सन्स निघाला, हात थरथरायला लागले, आणि आम्ही घरातल्यांनीच त्यांचे गळ माळ्यावर टाकून दिले. त्यांना विचारलंसुद्धा नाही. जुलैत ते माझ्याकडे डॅलसला आले. एकदा टीव्हीवर कुणीतरी बास नावाचा इकडचा मासा पकडताना दिसला आणि ते खुर्चीतून पुढे सरकले. "जबडा बघ, जिताड्याचा भाऊच!" दोघांचं कूळ वेगळं, पण दबा धरून बसायची आणि आ वासून भक्ष्य ओढून घ्यायची रीत तीच. "मला एकदा तिथे ने," म्हणाले. तीन वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही.

ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर. उन्हाळ्यात बास पहाटे नाहीतर रात्री, दिवसा जाऊन काही हाती लागायचं नाही. आता पहाटे बाबांचं अंग लाकडासारखं झालेलं असतं. सकाळची गोळी लागू पडून हात जरा मोकळे होतात ते दहानंतर, तेही दोन-तीन तास. म्हणजे आमच्या वाट्याला भर उन्हाचीच वेळ. पैसे भरून एक गाइड ठरवला. त्याला आजाराचं सगळं आधी सांगितलं होतं. तरी तासाभरात त्याने बाबांच्या हातातून रॉड काढून घेतला. "मी टाकतो, तुम्ही नुसते धरा." बाबा गळाची गाठ बांधायला लागले तर हा घड्याळ बघत होता. ठरलेल्या वेळेआधीच काठावर आणून सोडलं, वर ऐकवलं की अशा माणसाला घेऊन यायचंच कशाला. ते वाक्य मी बाबांना मराठीत सांगितलं नाही. पण त्यांना कळलं होतं. घरी पोचेपर्यंत गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत.

काका, त्यानंतर आठवडाभराने त्या आमिषाच्या दुकानात मी पुन्हा विचारत होते आणि काउंटरवरचा माणूस "वसंतात या" म्हणत होता, तेव्हा मागून तुम्ही फक्त एवढंच विचारलंत, "त्यांना बरं कधी वाटतं?" मासा कधी लागतो, हे सगळेच सांगत होते. बाबांची वेळ विचारणारे तुम्ही पहिले.

त्या दिवशी पारा 100 फॅरनहाइटला, म्हणजे आपल्या 38 अंशांना टेकला होता. तुम्ही बोटीवर छत लावलंत, बर्फाच्या पाण्यातला टॉवेल बाबांच्या मानेवर ठेवलात आणि पुलाच्या सावलीकडे निघालात. वाटेत सांगत होतात, मी बाबांना मराठीत सांगत होते. वरचं पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी राहतो, आणि अगदी तळाच्या गार पाण्यात तर उन्हाळ्यात तो जवळजवळ संपलेलाच असतो. म्हणून बास मधल्या थरात, बुडालेल्या झाडांच्या नाहीतर पुलाच्या खांबांच्या आडोशाला थांबतो. तो खातो दिवसाही, फक्त त्याच्या तोंडासमोर हळूहळू न्यावं लागतं. 1980 मध्ये धरण झालं तेव्हाची झाडं अजून पाण्यात उभी आहेत, आणि राज्यातला सर्वात मोठा बास, 18.18 पौंडांचा, 1992 मध्ये इथेच मिळाला, हे ऐकून बाबांनी पाण्याकडे हात जोडले.

पहिला गळ एका बुंध्यात अडकला, दोरी तुटली. माझ्या पोटात गोळा आला, कारण मागच्या वेळी सगळं इथूनच बिनसलं होतं. तुम्ही डबीतून नवा गळ काढलात आणि काही न बोलता बाबांच्या तळहातावर ठेवलात. दोरी केसासारखी बारीक, पारदर्शक, उन्हात चमकून दिसेनाशी होणारी. बाबांचे डोळे बारीक झाले. तेव्हा तुम्ही उठलात, दोन पावलं सरकलात आणि सूर्याकडे पाठ करून उभे राहिलात. तुमची सावली बरोबर बाबांच्या हातांवर पडली. पहिल्यांदा टोक निसटलं. दुसऱ्यांदाही निसटलं. तुम्ही त्यांच्या हातांकडे बघतसुद्धा नव्हतात, पलीकडच्या पाण्यावर नजर लावून होतात, जणू तिथेच काही बघायचं होतं. तुमच्या शर्टाची पाठ घामाने भिजून काळी झाली. तिसऱ्यांदा टोक गळाच्या डोळ्यातून गेलं. बाबांनी खाडीवर करायचे तसं गाठीला थुंकी लावली आणि हळूच आवळली. तुम्ही वळून पाहिलंत आणि म्हणालात, "पक्की आहे."

चार-पाच मिनिटं झाली असतील. काका, त्या मिनिटांसाठी हे पत्र आहे.

मदत करणारे खूप भेटतात, आणि बहुतेकांची मदत हातातलं काढून घेण्यापासून सुरू होते. दवाखान्यात, बँकेत, रेल्वेच्या डब्यात बाबांच्या बाबतीत हे मी रोज बघितलंय, आणि मीही तेच केलंय. शर्टाची बटणं मीच लावते, पटकन होतं म्हणून. थांबून राहणं ही फार मोठी माणुसकी आहे. ती शिक्षणाने येते की वयाने, मला माहीत नाही, पण तुमच्यापाशी ती अशी होती की तुम्हाला ती जाणवतही नव्हती.

मासा लागला तो त्याच गाठीवर. दोरीवर टुकटुक दोन टिचक्या, बाबा जराही घाबरले नाहीत, नीट वाट पाहून ओढलं. मोजला तर 19 इंच. लेक फोर्कवर 16 ते 24 इंचांमधला बास सोडून द्यावा लागतो. आयुष्यभर मासा घरी तव्यावर नेलेल्या माणसाला हे कसं सांगू म्हणून मी अडखळले. तुम्ही हात पाण्यात बुडवून दाखवलात, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर जातो म्हणून. बाबांनीही हात बुडवले. हात कापत होते, तुम्ही खालून फक्त तुमचा तळवा लावलात. मासा शेपटी मारून हिरव्या पाण्यात दिसेनासा झाला आणि बाबा म्हणाले, "जा रे, पोरा."

गाठ सुटली नव्हती. तुम्ही तिच्या वर वीतभर दोरी ठेवून कापून दिलीत, ती आता पेणच्या घरी कालनिर्णयच्या खिळ्याला लटकते आहे. आईला मी फोनवर सांगितलंय, माळ्यावरचे गळ खाली काढ म्हणून.

तुमचा टॉवेल धुऊन ठेवलाय. रविवारी आणते, सोबत बाबांनी पाठवलेलं कोलंबीचं लोणचं. ते तिखट आहे, भाताबरोबर थोडंच घ्या.

तुमची,
त्या दिवशी बोटीत मागे बसून रडणारी मुलगी