चि. मृण्मयीस

नागपूर, रविवार

अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा मेसेज मिळाला. डोकं दुखायचं थांबलं का? त्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसलो होतो. असो.

मामी अजून बोलत नाही. प्रकाश मात्र मेंदूतल्या ट्यूमरच्या ऑपरेशनचे टाके काढून आला तेव्हा तुझी आठवण काढून हसला. म्हणाला, "पोट्टी वकील व्हायला पायजे होती." तुझ्या आईला तुझा सूर खटकला, थोडा मलाही. क्लिनिकच्या स्टेम सेलच्या इंजेक्शनात पैसे पाण्यात जातील, हे मामीच्या तोंडावर सांगायचं नसतं. काटोलची बाग विकायला निघालेली बाई काही हौसेने निघत नाही. बघ, लागलो मास्तरकी करायला. माफ कर.

म्हणणं तुझं बरोबरच होतं. तू कॅलेंडरच्या पाठीमागे काढलेल्या आकृत्या घेऊन दोन दुपारी बसलो. मला समजलं ते असं. निरोगी मेंदूतही स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी होतात त्या मूलपेशी, असतात, मोठेपणी मोजक्याच जागी, पोकळ्यांच्या भिंतीलगत. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे आठवणींच्या भागात, त्या असतात का याबद्दल तुम्हा लोकांत अजून भांडणं आहेत म्हणे. एरवी त्या निपचित असतात. शेजारच्या पेशींचा इशारा आला की विभागतात; एक तशीच राहते, दुसरीची पुढे न्यूरॉन किंवा आधारपेशी होते, आणि तिथे थांबतात. ट्यूमरच्या स्टेम सेलचंही रूप जवळपास तेच, सीडी१३३ आणि नेस्टिन या प्रथिनांच्या खुणा दोघींत सापडतात. पण हिची गुणसूत्रंच बिघडलेली. ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरात बहुधा सातवं जास्तीचं आणि दहावं गळालेलं. इशारा असो-नसो, ही विभागतच राहते, आणि हिच्यापासून होणाऱ्या पेशी ना धड न्यूरॉन, ना धड दुसरं काही. गुरुजी आले की बसणारी पोरं मी आयुष्यभर पाहिली, न बसणारीही पाहिली. पण गुरुजी ऐकूच न येणारं पोर म्हणजे काय, ते या आकृतीत कळलं.

टोरांटोच्या सिंग आणि डर्क्स यांचा २००४ चा प्रयोग मी मामीच्या भावालाही सांगितला. सीडी१३३ असलेल्या जेमतेम १०० पेशींनी उंदराच्या मेंदूत ट्यूमर झाला, ती खूण नसलेल्या लाखभर पेशींनी झाला नाही. (खूण अगदी पक्की नाही, हे तू म्हणालीस तेही सांगितलं.) रेडिएशनने तुटलेला डीएनए या पेशी चटकन सांधतात, म्हणून आजार उलटतो. तेव्हा बाहेरून चांगल्या पेशी घालून वाईट पेशी सुधरणार कशा? तो गप्प झाला तो इस्रायलच्या मुलाच्या हकिकतीने. मॉस्कोत त्याच्या मेंदूत गर्भातल्या मूलपेशी सोडल्या आणि त्याच दात्यांच्या पेशींपासून ट्यूमर झाले, २००९ मध्ये छापून आलेलं. बाग तूर्तास वाचली. मला फार अभिमान वाटला, पोरी. मामीसमोर दाखवला नाही.

प्रकाशचंही सुरुवातीला डोकंच दुखायचं. उन्हाचं आहे म्हणून आम्ही सगळेच म्हणत होतो. हा आजार सहसा घराण्यातून येत नाही, तूच समजावलंस, आणि मी मान डोलावली. रात्री दोनला मान डोलत नाही. सातवीत तुझं असंच डोकं दुखायचं. शाळेच्या मायक्रोस्कोपवरून तू उठायचीच नाहीस, कांद्याची साल संपली की शिपायाकडून दुसरा कांदा मागायचीस. शेवटी सीताबर्डीला नेलं तर चष्मा निघाला. आई म्हणत होती की मी उगाच घाबरलो. यावेळीही तेच म्हणते. तरी नंबर तपासून घे बाप्पा, आणि डॉक्टरला एकदा दाखव. झालं, पुन्हा लिहिणार नाही.

बुधवारी प्रकाशला रेडिएशनच्या तयारीला बोलावलंय. सहा आठवडे चालेल, सोबत टेमोझोलोमाइड या केमोच्या गोळ्या. नेण्या-आणण्याचं मी बघतो. मामीला फोन तूच कर. स्टेम सेलचं काही काढू नकोस, ती जेवली का एवढंच विचार. दुपारी तीननंतर ती मोकळी असते.

तुझा,
बाबा